रिफ्लेक्टर ट्रॉलीला, पण उजेड कुणाचा?

परवा रात्री कराडहून विट्याला परत येत होतो. कडेपूर मागं पडलं आणि समोर अचानक ऊस उभा राहिला. शेतातला नव्हे, ट्रॉलीतला. करकचून ब्रेक दाबला. बॉनेट आणि ट्रॉली यांच्यात हातभर अंतर राहिलं. शेजारी बसलेली बायको नंतर विट्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

खाली उतरलो तो भांडायच्या तयारीनंच. ट्रॅक्टरवाला पोरगा पंक्चर झालेल्या चाकाशी झटत होता. म्हटलं, "रिफ्लेक्टर कुठाय रे?" त्यानं मोबाइलची बॅटरी ट्रॉलीच्या मागं धरली. लाल पट्टी लख्ख चमकली. "लावलाय की साहेब." मग तीच बॅटरी माझ्या गाडीच्या तोंडावर फिरवून म्हणाला, "तुमच्याच लायटीला मोतीबिंदू झालाय."

खरं होतं. दोन्ही हेडलाइट पिवळट, दुधट झालेले. रोज बघत होतो, पण दिसत नव्हते.

आता आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर लगेच म्हणाल पत्रकार कारखान्याला मिळाला. विनारिफ्लेक्टर, विनालाइट रस्त्यात उभी राहणारी ट्रॉली हा गुन्हाच आहे आणि त्यावर मी पुढंही लिहिणार. पण रिफ्लेक्टर स्वतः पेटत नाही. आपण टाकलेला उजेड तो आपल्याला परत देतो. आपणच मिणमिणता टाकला तर तो परत काय देणार? ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. अडथळा एक सेकंद उशिरा दिसला तरी खेळ खल्लास.

आणि अपघात झाल्यावर आम्ही बातमीदार काय लिहितो? "चालकाचा ताबा सुटल्याने." वीस वर्षं हेच लिहितोय. किती पंचनामे वाचले, एकातही "हेडलाइट धुरकट होते" असं वाचल्याचं आठवत नाही. मीही कधी विचारलं नाही. ही माझी चूक.

अँबेसडर, पद्मिनीच्या जमान्यात पुढं खरी काच असायची. फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताची 'काच' म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक. वजनाला हलकं, दगड लागला तरी सहजी फुटत नाही. त्यावर कंपनी एक संरक्षक थर देते. आपल्याकडचं ऊन आणि धूळ तो थर खातात, मग उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकलाच पिवळं करतात. बल्ब चांगला असला तरी उजेड आतच अडतो नाहीतर इकडंतिकडं फाकतो.

आता तपासणीचं बघा. पीयूसीत धूर तपासतात. ट्रक-टेम्पोला ठरावीक मुदतीनं फिटनेस असतं, त्यात हेडलाइट बघायचे असतात. पण तुमच्या-माझ्या घरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन एकदा झालं की १५ वर्षं फिटनेसचा कागद कुणी मागत नाही. १५ वर्षांत माणसाचा चष्मा किती वेळा बदलतो?

यावर आपला उपाय काय, तर एलईडी. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, पांढरा टाका, दिवस उजाडेल." उजाडतो खरा, पण समोरच्याच्या डोळ्यात! हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात दुसऱ्याच घडणीचा बल्ब बसवला की झोत रस्त्यावर नीट पडत नाही. त्यात पुढचं प्लॅस्टिक धुरकट असेल तर उजेड आणखीच फाकतो. साध्या ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब घातला तर होल्डर वितळायची भीती वेगळीच. स्वतःचा चष्मा पुसायचा नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यात बॅटरी मारायची, हा कुठला शहाणपणा?

मी रविवारी अंगणात बसून दोन्ही हेडलाइट साफ केले. तीन तास गेले, खर्च आठशेच्या आत. कसं ते सांगतो.

हेडलाइटवर पाणी मारा. ओलं असताना स्वच्छ दिसलं तर खराबी बाहेरच्या बाजूला आहे, घरी निघेल. धुऊन घ्या, कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग वॉटर पेपर, आधी १००० नंबर, मग १५००, २०००, शेवटी ३०००. सतत पाणी मारत घासा. सुरुवातीला आणखी धुरकट दिसेल, घाबरू नका. नंतर रबिंग कंपाउंडनं पॉलिश करा. आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट माराच. मोकळ्या जागेत, तोंडाला मास्क लावून. हा कोट चुकवला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं, कारण जुना थर आपणच घासून काढलेला असतो.

टूथपेस्टनं वरवर चमक येते, संरक्षण शून्य. डासांचा स्प्रे मारायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यातलं रसायन प्लॅस्टिकच खातं. पेट्रोल, थिनर तर लांबच ठेवा. आत पाणी शिरलं असेल, तडे असतील किंवा आतला चकचकीत भाग काळवंडला असेल तर घासत बसू नका, अख्खा हेडलाइट बदला. बदलल्यावर झोत सेट करून घ्या, नाहीतर डिपरसुद्धा समोरच्याला अप्परसारखा लागेल.

आता मागणी. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येईल. बॅनर लागतील, फोटो निघतील, ते आम्हीच छापू. यंदा आरटीओ आणि पोलिसांनी त्यासोबत तालुक्याच्या ठिकाणी एक संध्याकाळ हेडलाइट तपासणी ठेवावी. दंड नको, फक्त दाखवा आणि सांगा. कारखान्यांनी रिफ्लेक्टर वाटावेत, आणि लावलेत का ते गाडी काट्यावर आल्यावर बघावं. सर्व्हिस सेंटरवाले बॉडीच्या चकाकीसाठी हजारोंचं कोटिंग गळ्यात मारतात. त्यांनी कार्डावर हेडलाइटची एक ओळ वाढवावी. आणि मी माझ्यापुरतं ठरवलंय. इथून पुढं रात्रीच्या अपघाताची बातमी लिहिताना "गाडीचे हेडलाइट कसे होते?" हे विचारल्याशिवाय "ताबा सुटला" लिहिणार नाही.

तुम्ही एवढंच करा. आज अंधार पडल्यावर गाडी सुरू करा, लाइट लावा आणि स्वतः समोर जाऊन उभे राहा. आपली गाडी आपल्याला किती बघू शकते, ते कळेल.

त्या पोराचं नाव विचारायचं राहून गेलं. चाक बदलायला मात्र मी उजेड धरला होता. मोबाइलचाच.