वास्तूंचे प्रदर्शन आणि यादवीचे मौन

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, नांदेड व लातूर येथे प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे, ही कल्पना कोणास नावडेल? आम्हांसही ती प्रिय आहे. परंतु चित्राखाली काय लिहावे, हा प्रश्न निघाला की आमचे विद्वान शतकाचा आकडा व शैलीचे नाव देऊन मोकळे होतात. आमचा वाद आहे तो या मोकळे होण्याशी.

कंधारचा किल्लाच घ्या. नगर राष्ट्रकूटांचे, तटबंदीत भर पडली ती पुढील मुसलमानी अमलांत. त्या तटाचे दगड धर्मवार निवडून वेगळे करून दाखवील असा पंडित आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे! होट्टलची चालुक्यकालीन देवळे, खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला हा सारा एकाच भूमीचा ठेवा होय.

याच भूमीवर १९४७-४८ च्या तेरा महिन्यांत यादवी माजली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरातच वकिली करणारा. त्याच्या टोळ्यांनी गावे लुटली, जाळली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाची सत्ता संपली. मग सूडाचा वणवा निरपराध मुसलमानांवर उलटला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांची गणना केली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच मोडत होते. संपूर्ण संस्थानातील मृतांचा तिचा अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा. तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच पडून राहिला.

जुन्या जखमा कशास उकराव्या, असे कोणी म्हणतील. जखम झाकली म्हणजे भरत नाही, चिघळते. आज एका घरी मुलांच्या कानी रझाकारांची कथा पडते, शेजारच्या घरी सूडाची. या दोन अर्ध्या कथांची गाठ पडावी कोठे? बोस्नियातील मोस्तारचा पूल १९९३ साली तोफांनी पाडला गेला, २००४ साली पुन्हा उभा राहिला. पण त्याच्यापाशी ‘९३ विसरू नका’ असे बजावणारा दगड लोकांनी ठेवलाच. त्याने पुलाच्या सौंदर्यास उणेपणा आला नाही.

म्हणून आमचे मागणे तीन ओळींचे आहे: वास्तू कोणी उभारली, तीत कोणी भर घातली आणि १९४८ साली तिच्या सावलीतील माणसांचे काय झाले. स्वातंत्र्यसैनिकांचा गौरव या तिसऱ्या ओळीने तसूभरही कमी होत नाही. ती लिहिण्याचे धैर्य ज्यांस नसेल, त्यांनी प्रदर्शनासाठी मुक्तिदिन सोडून दुसरा कोणताही दिवस निवडावा.