कर्जबाजारी घर आणि कौशल्याचे मोल

कर्जातून मोकळे व्हावयाचे तर उत्पन्न वाढले पाहिजे. उत्पन्न वाढावयाचे तर अंगी काही कसब हवे. आणि कसब मिळवावयाचे तर पुन्हा कर्ज काढले पाहिजे. देशातील लक्षावधी तरुण या फेऱ्यात अडकलेले आहेत. कौशल्यविकासाची भाषा गेली दहा-बारा वर्षे सरकारी व्यासपीठांवरून सातत्याने ऐकू येते. तथापि या धोरणामागे एक गृहीत दडलेले आहे. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या तरुणाच्या घरची पाटी कोरी आहे, असे त्यात मानलेले असते. वस्तुस्थिती निराळी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ मधील फेरीनुसार देशातील ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबांवर कर्ज होते आणि दर कुटुंबामागे त्याची सरासरी ७४,१२१ रुपये होती. ज्या घरांतील मुलांना शेतीबाहेर काम शोधणे भाग आहे, त्यांतील निम्मी घरे आधीच कोणाची ना कोणाची देणेकरी आहेत, असा याचा अर्थ होतो.

शुल्काहून मोठा खर्च

प्रशिक्षणाचा खर्च म्हटला की डोळ्यांसमोर शुल्काचा आकडा येतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो खर्चाचा केवळ एक भाग होय. समजा, तालुक्याच्या गावी दुकानात काम करणारा एक तरुण महिना १२ हजार रुपये मिळवतो. वडिलांचे पीककर्ज थकले आहे आणि आईने सूक्ष्म वित्तसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता दरमहा ४ हजार आहे. सीएनसी यंत्र चालविण्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम त्याने करावयाचे ठरविले आणि त्याचे शुल्क ३५ हजार आहे, असे धरू. या सहा महिन्यांत नोकरी सोडावी लागली तर ७२ हजारांची मिळकत बुडते. म्हणजे खरा खर्च १ लाख ७ हजार; शुल्क त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. शहरातील खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे यांत धरलेलेच नाहीत.

आईच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. बुडालेल्या मिळकतीतूनच तो जात होता. सहा महिन्यांचे हे २४ हजार उभे करण्यासाठी घरातील सोने गहाण पडते किंवा सावकाराचे दार ठोठावावे लागते. जुना १९४६ चा सावकारी कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१४ मध्ये नवा कायदा आला. परंतु निकड असलेल्या माणसाला कायद्याची कलमे नव्हेत, रोख पैसे हवे असतात. अनेक तरुण अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडतात, ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. हप्त्याची तारीख येते म्हणून.

बँकेची नजर मागे, प्रशिक्षणाची पुढे

कर्जाची सोय नाही असे नाही. शैक्षणिक कर्जांसाठी इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श योजना आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पतहमी निधीचा आधार दिला. त्याच वर्षी लहान अभ्यासक्रमांसाठी ५ हजार ते दीड लाख रुपयांची कौशल्य कर्ज योजना आली आणि २०२४ मध्ये तिची मर्यादा साडेसात लाखांवर नेण्यात आली. तारण लागत नाही, बुडीत रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हमी निधी भार उचलतो, अभ्यासक्रम संपेपर्यंत हप्ताही नाही. कागदावर याहून अधिक काय हवे?

अडचण येते ती पालकाच्या सहीपाशी. शैक्षणिक कर्जात सामान्यतः आईवडील सहकर्जदार असतात. वडिलांचे पीककर्ज थकलेले असेल तर त्यांची नोंद पतमापन संस्थेकडे गेलेली असते, आणि मुलाचा अर्ज त्या नोंदीवर आपटतो. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने केवळ कमी सिबिल गुणांकाच्या आधारे विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. तो महत्त्वाचा असला तरी प्रत्येक तालुक्यातील अर्जदाराला न्यायालयात जाणे परवडत नाही.

यात बँकेच्या अधिकाऱ्याला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. यंत्र विकत घेणाऱ्याला कर्ज दिले तर यंत्र तारण राहते. माणसाच्या अंगातील कसब तारण ठेवता येत नाही आणि जप्तही करता येत नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच शिक्षित कारागिराची तुलना महागड्या यंत्राशी केली होती. परंतु धनकोच्या वहीत ते यंत्र कधीच मांडले जात नाही. म्हणून तो कुटुंबाचा भूतकाळ तपासतो. प्रशिक्षणाचे फळ मात्र भविष्यात असते. परिणामी ज्याला कौशल्याची गरज सर्वाधिक, त्यालाच पत सर्वांत कमी, असा विपरीत न्याय घडतो.

नवे कर्ज हा उपाय आहे काय?

आधीच बुडालेल्याला आणखी कर्ज देणे म्हणजे त्याच्या गळ्यात दुसरा धोंडा बांधणे नव्हे काय, हा आक्षेप बिनतोड वाटतो आणि त्यात तथ्यही आहे. अभ्यासक्रमाने वेतन वाढले नाही तर जुन्या देण्यावर नवे देणे चढते, एवढेच. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी मासिक परतफेड कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नये, असे बंधन घातले ते याच काळजीपोटी.

ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून निराळा मार्ग अनुसरला. तेथे विद्यापीठीय शिक्षणाच्या कर्जाची परतफेड उत्पन्न ठराविक मर्यादा ओलांडल्यावरच सुरू होते आणि ती करयंत्रणेमार्फत होते. तत्त्व न्याय्य आहे, तथापि तेथेही २०२५ मध्ये सरकारला या कर्जांचा पाचवा हिस्सा माफ करावा लागला. आपल्याकडे तर बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात; त्यांचे वेतन कोणत्याही करनोंदीत दिसत नाही. ती योजना जशीच्या तशी येथे रुजणार नाही.

म्हणून कर्जापेक्षा विद्यावेतनाचा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात १९६१ पासून आहे. २०१९ च्या नियमांनी दरमहा ५ ते ९ हजारांचे किमान विद्यावेतन ठरविले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये मासिक विद्यावेतन मुळात सहा महिन्यांसाठी ठेवण्यात आले. दिशा योग्य आहे. परंतु ६ हजारांतून ४ हजारांचा हप्ता गेल्यावर उरलेल्या दोन हजारांत शहरात राहावयाचे कसे, आणि मुदत संपल्यावर पुढे काय, हे प्रश्न शिल्लक राहतात. विद्यावेतन एक महिना जरी रखडले, तरी कर्जदार घरात त्याचा अर्थ दंडव्याज असा होतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र अंगीकारले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कर्मवीरांनी गरीब मुलाला ऋणको केले नाही. त्याच्या श्रमालाच त्याची फी मानले.

आज करण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. पहिली, लहान प्रशिक्षण कर्जांच्या बाबतीत पालकांची थकबाकी हे नकाराचे कारण ठरू नये. हमी निधी आहे तो याच जोखमीसाठी. दुसरी, विद्यावेतन ठरविताना बुडणारी मजुरी हिशेबात घ्यावी आणि ते महिन्याच्या महिन्याला द्यावे. तिसरी, खासगी प्रशिक्षण संस्थांच्या शुल्काचा काही भाग उमेदवाराला काम मिळेपर्यंत राखून ठेवावा आणि किती जणांना कोणत्या वेतनावर काम मिळाले, हे जाहीर करण्याचे बंधन त्यांच्यावर घालावे. आज अभ्यासक्रम फसला तर संस्थेचे काहीच जात नाही, सारा तोटा विद्यार्थ्याच्या घरावर पडतो. या जोखमीची न्याय्य वाटणी होत नाही तोवर कर्जाच्या मर्यादा कितीही वाढविल्या, तरी कौशल्याच्या बाजारात कर्जबाजारी घरातील मुलगा दाराबाहेरच उभा राहील.