आधी जीभ, मग आगकाडी

नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने 'ऑपरेशन दुदुला' या संघटनेला वेसण घातली. दवाखान्याच्या दारात उभे राहून ये-जा करणाऱ्यांकडे ओळखपत्रे मागायची आणि जो परका निघेल त्याला उपचाराविना परत पाठवायचे, हा २०२१ साली सोवेटोत जन्मलेल्या या संघटनेचा उद्योग. 'दुदुला' या झुलू शब्दाचा अर्थच मुळी बळाने मागे रेटणे. कागदपत्रे तपासण्याचा अधिकार पोलिसांचा आणि स्थलांतर अधिकाऱ्यांचा आहे, कोणा टोळीचा नाही, असे न्यायालयाने बजावले. परकीयांविरुद्ध द्वेषमूलक वक्तव्ये करण्यासही मनाई केली. निर्णय स्वागतार्ह आहेच. पण ज्या देशात २००८ सालीच या द्वेषाने ६२ बळी घेतले, त्या देशाला इतकी साधी गोष्ट न्यायालयाकडून वदवून घेण्यास १७ वर्षे का लागावीत?

११ मे २००८ रोजी जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत पहिला भडका उडाला आणि पाहता पाहता तो केपटाऊनपर्यंत पोहोचला. सोमालियाच्या यादवीतून जीव वाचवून आलेले निर्वासित, काँगोतून आलेले आश्रयार्थी, झिम्बाब्वे-मोझांबिकचे मजूर असा भेद जमावाने केला नाही. तो करावा तरी का? जमावाला कागद वाचायचे नव्हते. त्याची परीक्षा वेगळीच होती. वाटेत अडवलेल्या माणसाला कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात, ते विचारले जाई. 'इंदोलोलवाने' हा शब्द ज्याच्या तोंडून निघाला नाही, तो परका! मृतांपैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते, यात मग नवल ते काय? त्याच देशात जन्मलेले, पण झुलूऐवजी दुसरी भाषा बोलणारेही परके ठरले. परक्याला हुडकायला निघालेली टोळी शेवटी घरच्या माणसाच्या उरावर बसते, ती अशी.

रामाफोसा नावाच्या झोपडवस्तीत मोझांबिकच्या एका मजुराला जिवंत जाळण्यात आले. त्याचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांनी छापले. जगाने पाहिलेल्या त्या खुनाबद्दल मात्र कोणालाही शिक्षा झाली नाही.

राज्यकर्त्यांनी काय केले? तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी जुलै २००८ मध्ये मृतांच्या श्रद्धांजली सभेतच सांगून टाकले की, हा परकीयद्वेष नव्हे, ही निव्वळ गुन्हेगारी आहे. पुढच्या सरकारांनीही हीच ढाल पुढे केली. हे सांगणारे म्बेकी कोण? वर्णद्वेषी राजवटीच्या काळात देशाबाहेर राहून ज्यांनी वर्षानुवर्षे झांबियाच्या लुसाका शहरात आश्रय घेतला, तेच. त्यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे मुख्यालयही तिथेच होते. मोझांबिकने तर या आश्रितांपायी आपल्या भूमीवर दक्षिण आफ्रिकी सैन्याचे हल्ले सोसले. जानेवारी १९८१ चा मातोला येथील हल्ला इतिहासात नोंदलेला आहे. ज्यांनी शेजाऱ्याच्या ओसरीवर रात्री काढल्या, त्यांच्याच अंगणात शेजाऱ्याचा मुलगा जाळला गेला आणि यजमान म्हणाले, ही किरकोळ गुंडगिरी! कृतघ्नतेला याहून वेगळे नाव कोणते?

'गुन्हेगारी' हा शब्द फार सोयीचा आहे. गुन्हेगारी म्हटली की हात धरायचे ते आगकाडी ओढणाऱ्याचे. त्याला चिथावणाऱ्याची जीभ निर्दोष सुटते. मार्च २०१५ मध्ये झुलूंचे राजे गुडविल झ्वेलितिनी यांनी पोंगोला येथील सभेत परकीयांनी आपला गाशा गुंडाळून मायदेशी जावे, असे उद्गार काढले. काही आठवड्यांतच डर्बनमध्ये दुकाने फुटली, माणसे मेली, हजारो लोक तंबूंत राहायला गेले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे राजेसाहेब म्हणाले आणि त्यांनी शांततेचे आवाहनही केले. पुढे देशाच्या मानवाधिकार आयोगाने ते भाषण दुखावणारे आणि अपायकारक ठरवले, पण द्वेषमूलक म्हणण्याचे टाळले. अपाय झाला, तो भाषणाने झाला, तरी भाषण दोषी नाही, हा कोणता न्याय?

२०२२ मध्ये लिंपोपो प्रांताच्या तत्कालीन आरोग्यमंत्री फोफी रामाथुबा यांनी झिम्बाब्वेच्या एका रुग्ण स्त्रीला इस्पितळाच्या खाटेवरच फैलावर घेतले. तुमच्यामुळे आमची आरोग्यव्यवस्था कोलमडते, असा त्या बोलण्याचा आशय होता. ती चित्रफीत देशभर फिरली. २०२४ मध्ये त्याच बाई प्रांताच्या प्रमुख झाल्या. मंत्र्याने खाटेशी उभे राहून जे केले, तेच 'दुदुला'वाल्यांनी दवाखान्याच्या दारात केले. मग शिष्य गुरूपेक्षा अधिक दोषी कसा?

डर्बनला हे सारे नवे नाही. १८९६ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या 'कोर्टलँड' आणि 'नादेरी' या दोन आगबोटी डर्बनच्या बंदरात आल्या, तेव्हा मुंबईतील प्लेगचे निमित्त करून २३ दिवस त्यांतील भारतीयांना उतरू दिले गेले नाही. त्यांत तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. त्याच दौऱ्यात ते पुण्याला येऊन टिळक-गोखल्यांना भेटले होते. नाताळातील भारतीयांच्या हालांविषयी त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेचा तीन ओळींचा विपर्यस्त गोषवारा तारेने डर्बनला पोहोचला होता. गांधी नाताळ बुडवायला भारतीयांचे लोंढे आणत आहेत, अशी आवई उठली. गोऱ्या पुढाऱ्यांनी सभा गाजवल्या. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधी किनाऱ्यावर उतरताच जमावाने त्यांना दगड आणि लाथा घातल्या. पोलीस अधीक्षकाच्या पत्नीने मध्ये पडून त्यांना वाचवले नसते, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

लंडनहून हल्लेखोरांवर खटले भरण्याचा आदेश आला, तेव्हा गांधींनी तक्रार करण्यास नकार दिला. दोष या पोरांचा नाही, त्यांना भडकावणाऱ्या पुढाऱ्यांचा आणि तुमच्या सरकारचा आहे, असे त्यांनी नाताळचे महाधिवक्ते हॅरी एस्कंब यांना तोंडावर सांगितले. रोगराईचा बाऊ, लोंढ्यांची आवई, पुढाऱ्यांची भाषणे आणि शेवटी दगड, हा क्रम शंभर वर्षांनंतरही जसाच्या तसा आहे. फक्त तारेची जागा मोबाइलने घेतली आहे.

कोणी म्हणेल, ज्या देशात दर तीन माणसांत एक बेरोजगार, तिथे लोकांचा संयम सुटणारच. बेरोजगारी खरी आहे आणि तिची झळही खरी आहे. पण २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ६ कोटी २० लाख लोकसंख्येत परदेशात जन्मलेले होते २४ लाख, म्हणजे शंभरात चारही नाहीत. बंद पडणारी वीज, खिळखिळ्या नगरपालिका आणि सरकारी तिजोरीची लूट हे काय सोमाली दुकानदाराचे कर्तृत्व? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सरहद्द राखणे आणि कोणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणे, हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे. तो निःसंदिग्धपणे मान्य केलाच पाहिजे. मात्र तो राज्याने कायद्याने बजावायचा असतो. तो गल्लीतल्या टोळीने हाती घेतला, की सार्वभौमत्व रक्षिले जात नाही, त्याची लक्तरे होतात.

दक्षिण आफ्रिकेचा कायदा याबाबत मुळीच मुका नाही. तिने निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये स्वीकारला आणि १९९८ मध्ये स्वतःचा निर्वासित कायदा केला. तिच्या राज्यघटनेत मतदानाचा हक्क नागरिकाला आहे. जगण्याचा आणि प्रतिष्ठेचा हक्क प्रत्येकाला आहे. हानीस चिथावणाऱ्या वंशद्वेषी प्रचाराला त्याच घटनेने भाषणस्वातंत्र्याच्या कवचाबाहेर ठेवले आहे. उणीव आहे ती कायदा वापरण्याच्या इच्छाशक्तीची. निवडणूक जवळ आली की परक्याकडे बोट दाखवणे स्वस्त पडते, ही खरी मेख आहे.

म्हणून न्यायालयाच्या निकालावर समाधान मानून चालणार नाही. निकालाची अंमलबजावणी दवाखान्याच्या दारात, तेथील शिपायाने करायची आहे. आणि व्यासपीठावरून विष ओकणाऱ्यावर, मग तो मंत्री असो की राजा, खटला भरण्याचे धैर्य सरकारने दाखवायचे आहे. गांधींनी १८९७ मध्ये एस्कंबसाहेबांना सुनावलेले बोल आज प्रिटोरियातील सत्ताधाऱ्यांनाही तितकेच लागू पडतात.