गृहविज्ञान : पावसाळी हवा आणि घरातील स्वर

सिल्वासा येथील एका कुटुंबप्रमुखांनी या सदराकडे विचारणा केली आहे. जानेवारीत निर्मळ गाणारा आपला संगीतसंच श्रावणात घशात कफ दाटल्यासारखा का बोलतो, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुकानदार म्हणतो की दोष हवेचा आहे आणि उपाय नव्या संचाचा. दुसरा प्रश्न त्यांनी शेवटच्या दोन ओळींत जाता जाता घातला आहे : कपाटात वडिलांच्या आवाजाच्या काही जुन्या कॅसेटी आहेत, त्यांवर पांढुरकी बुरशी धरली आहे, त्या फेकाव्यात काय? आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे. परंतु त्याचे उत्तर पहिल्यातूनच निघते, म्हणून क्रमाने जाऊ.

सिल्वासा हे दमणगंगेच्या काठचे गाव. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. संगीताशी या मुलखाचे एक जुने नाते आहे, तेही सांगून टाकतो. १९५४ साली दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामासाठी निधी उभा करावयाचा होता, तेव्हा पुण्यात लता मंगेशकरांचे गायन झाले होते, आणि सुधीर फडके तर स्वतःच त्या लढ्यात उतरले होते. त्याच वर्षी २ ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, सिल्वासा मुक्त झाले.

आता खोलीतील हवेत पाणी असते तरी किती? बारा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट उंच अशी साधी खोली घ्या. तीस अंश सेल्सिअस उष्णता आणि शेकडा ऐंशी आर्द्रता असली, की त्या खोलीच्या हवेत सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तरंगत असते. एक तांब्याभर पाणी! ते डोळ्यांस दिसत नाही, पण कागद, लाकूड, कापड व चामडे यांस ते बरोबर सापडते.

तरीही हवेवर ठेवलेला आरोप पुराव्यावाचून मान्य करता येत नाही. दमट हवा जड असते आणि म्हणून तीत आवाज दबतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. पाण्याच्या वाफेचे कण हवेतील इतर वायूंच्या कणांहून हलके असतात, त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच भरते. तीस अंशांवर कोरड्या हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४९ मीटर धावतो. हवा वाफेने पूर्ण भरली तरी ही गती फार तर दोन मीटरांनी वाढेल. वाटेत स्वर किती गिळला जातो म्हणाल, तर सेकंदाला आठ हजार कंपनांचा उंच स्वर अशा उष्ण, दमट हवेतून तीन मीटर आला असता त्याची हानी एका डेसिबलच्या पाचव्या हिश्शाइतकीही होत नाही. आपल्या कानास एका डेसिबलचा फरक जेमतेम उमजतो. हेच अंतर थंड व अगदी कोरड्या हवेत कापले तर हानी याच्या तिपटीहून अधिक होईल. म्हणजे खुर्ची आणि स्पीकर यांमधील हवा निर्दोष आहे.

चर्चमध्ये मात्र गणित बदलते. उंच छताच्या विशाल मंदिरात स्वर भिंतीभिंतींवर आपटत तीन सेकंद घुमत राहिला, तर तेवढ्या वेळात त्याचा एक किलोमीटरचा प्रवास होतो. तेथे मीटरामागची ती क्षुल्लक हानी साठत जाऊन मोठी होते. अमेरिकेतील व्हर्न नुडसन या ध्वनिशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले, की मोठ्या दालनात उंच स्वरांचा घुमारा लवकर विरतो याचे कारण केवळ भिंती नसून हवाही असते, आणि कोरड्या हवेत तो दमट हवेपेक्षा त्वरित विरतो. गायकवृंदातील मंडळींनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

घरात गुन्हेगार कोण, ते पाहू. स्पीकरचा शंकू बहुधा कागदाच्या लगद्याचा असतो. कागद ओल पितो, किंचित जड होतो आणि मऊ पडतो. मऊ पडलेला शंकू झटकन थरथरत नाही. तबल्याची पुडी श्रावणात उतरते, वादक हातोडी घेऊन ती पुन्हा चढवीत बसतो. तोच हा प्रकार. वारली बांधवांच्या तारप्यात भोपळा, बांबू, ताडाचे पान व मेण असा निसर्गाचाच संच असतो, आणि तो सुगीच्या कोरड्या दिवसांत घुमतो. मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळेही आधी नीट वाळवावे लागतात. स्पीकरच्या शंकूला हातोडी मारण्याची सोय नाही, एवढाच काय तो भेद.

शंकूच्या भोवती जी लवचीक कड असते ती रबराची असल्यास चिंता नाही. फोमची असल्यास उष्णता आणि ओल मिळून तिचे रासायनिक विघटन करतात. दहापंधरा वर्षांत ती बोट लावताच भाकरीच्या चुऱ्यासारखी गळते, मग खर्ज फाटका येतो. सुदैवाने कडा बदलून मिळतात, त्यासाठी संच टाकावा लागत नाही. पेटी भुश्शाच्या दाबीव फळीची असली तर तळाकडून ओल ओढून फुगते, सांधे सुटतात आणि ठरावीक सुरावर खडखड ऐकू येते. बटणे व जोडण्या यांवर गंज चढला की आवाज वाढविताना खरखर होते, एक बाजू मुकी होते. बहुतेक ‘बिघडलेले’ संच एवढ्यावरच बिघडलेले असतात.

जुन्या रेडिओग्रामची गोष्ट याहून मौजेची. त्यांच्या पिकअपमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असे. तबकडीवरील सुईची थरथर तो विजेत रूपांतरित करी. पण हा पदार्थ मुळात एक मीठच! हवा शेकडा पंच्याऐंशीहून अधिक ओली झाली की तो पाणी ओढून विरघळू लागे, फार कोरडी झाली की स्वतःतील पाणी गमावी, आणि पंचावन्न अंशांच्या सुमारास वितळे. कोकणपट्टीत त्याचे आयुष्य किती असणार? पुढे चिनी मातीच्या जातीचे पिकअप आले तेव्हा ही कटकट मिटली. कोणाच्या माळ्यावर असा रेडिओग्राम मुका पडला असेल तर प्रथम स्फटिकाचाच संशय घ्यावा.

आणखी एक गोष्ट आमच्या पाहण्यात आहे, जी दुकानदार कधी सांगत नाहीत. पावसाळ्यात खोलीच बदलते. एरवी उघड्या असलेल्या खिडक्या मिटतात, त्यामुळे बाहेर निघून जाणारा खर्ज आतच कोंडतो. त्यातच दोरीवर ओली लुगडी, चादरी, मुलांचे गणवेश वाळत पडतात. जाड कापड उंच स्वर शोषते. खर्ज वाढला, उंच स्वर घटले : कफ दाटला म्हणतात तो याहून निराळा काय? वर पत्र्याचे छप्पर असेल तर पावसाच्या माऱ्याखाली गाण्यातील हळुवार जागा बुडूनच जातात. तेव्हा नव्या संचाचे पैसे मोजण्याआधी दोरी दुसऱ्या खोलीत बांधून पाहावी आणि पाऊस थांबला असता पुन्हा ऐकावे.

संच भिंतीला चिकटवून अथवा जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी तो चालवावा, आतील उष्णतेनेच ओल पळते. पण कापडाखाली झाकून चालवू नये; आतील काही भागांचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे निम्म्याने घटते. वातानुकूलन यंत्राने खोली कोरडी होते हे खरे, मात्र गारठलेला संच उचलून एकदम दमट ओसरीवर आणला की त्यावर गार तांब्यावर येतो तसा घाम येतो. तासभर थांबूनच वीज जोडावी. डांबराच्या गोळ्या किडे पळवितात, ओल शोषीत नाहीत. त्यांवर विसंबू नये.

आता त्या कॅसेटी. संच पुन्हा विकत मिळतो. वडिलांचा आवाज मिळत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातील वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, ओव्या म्हणणारी आजी, चुलत्यांची व्हायोलिन असे कित्येक घरांत केवळ एका फितीवर उरले आहे, आणि तिची दुसरी प्रत नाही. म्हणून : फेकू नका. आणि लगेच लावूनही पाहू नका. बुरशीची फीत चालविली की बुरशी यंत्राच्या डोक्यावर चिकटते, फीत ओढली जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीसही लागण होते.

प्रथम कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह आठ-पंधरा दिवस ठेवाव्यात. उन्हात कदापि नको. शेकडा चाळीस ते पन्नास आर्द्रता फितीस मानवते; ती मोजणारे लहान यंत्र काही शे रुपयांत मिळते, डब्यात एक टाकून ठेवावे. सुकलेली बुरशी नाकातोंडाला फडके बांधून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने झाडावी. कित्येकदा फीत ठीक असते आणि आतील लहानशी दाबगादी डिंक सुटून पडलेली असते, म्हणून आवाज क्षीण येतो. कवच स्क्रूचे असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. हे काम जाणत्या कारागिराकडून करवावे.

फिती मंद आचेवर भाजून बऱ्या होतात असे कोणी सांगेल. ते १९७० ते १९९० च्या काळातील काही विशिष्ट जातीच्या मोठ्या चक्रीफितींना लागू आहे. त्यांच्यावरील बंधक थर ओलीने चिकट होतो, आणि प्रयोगशाळेत सुमारे चोपन्न अंशांवर काही तास ठेवल्यावर त्या तात्पुरत्या वाजतात. साध्या कॅसेटीस या उपायाची गरज नसते. घरच्या भट्टीत ती वितळून मात्र जाईल.

कॅसेट चालू लागली की पहिल्याच वेळी तिची नक्कल संगणकावर उतरवून घ्यावी आणि ती दोन ठिकाणी ठेवावी, एक आपल्या घरी, दुसरी गावाबाहेरच्या भावंडाकडे. चित्रपटगीतांच्या कॅसेटी शेवटी. ती गाणी जगात अन्यत्र आहेत. ज्यांवर घरच्या माणसांचे बोलणे आहे त्या आधी घ्याव्यात. आवाज कोणाचा, वर्ष कोणते, प्रसंग कोणता हे घरातील वृद्धांना शेजारी बसवून ऐकता ऐकता लिहून काढावे, आणि लिहिताना पेन्सिलच वापरावी, कारण शाई ओलीने पसरते.