तोंडी शब्द शारजात, सही पुण्यात



गेल्या महिन्यात अल मजाजला एका सभासदाच्या घरी आपली बैठक झाली. विषय दुसराच ठरला होता. पण यजमानांनी चहा देता देता स्वतःची हकीकत सांगायला सुरुवात केली आणि खाली खालिद लगूनच्या काठावरचे दिवे लागले तरी ती संपली नाही. त्यांच्या परवानगीने ती इथे देत आहोत. त्यांचे नाव देत नाही आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचेही देत नाही.

दुबईच्या एका हॉटेलात भारतातल्या घरांचे प्रदर्शन होते. पुण्याच्या पश्चिमेला ९० लाखांचा फ्लॅट त्यांना पसंत पडला. शेजारच्याच टेबलावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी बसला होता. "८० टक्के नक्की, साहेब. म्हणजे ७२ लाख. तुमच्या पगाराला काहीच अडचण नाही." दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तेच: ८० टक्के पक्के, टेन्शन घेऊ नका. या शब्दावर आमच्या मित्राने बिल्डरला ९ लाख भरले, करार नोंदवला, मुद्रांक शुल्काचे सव्वासहा लाखांच्या वर गेले. सगळ्या सह्या पुण्यात वडिलांनी केल्या, मुखत्यारपत्रावर. मंजुरीपत्र आले ते ५८ लाखांचे. मूल्यांकन कमी निघाले, आणि पगारातला भत्त्यांचा भाग संस्थेने धरला नाही. वडील शाखेत बसून होते. त्यांनी विचारले, तर समोरचा म्हणाला, "काका, आत्ता सही करा, उरलेल्याचे टॉप-अप नंतर करून देऊ." वडिलांनी सही केली. टॉप-अप झाले नाही.

बैठकीत पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच आली: एवढा शिकलेला माणूस, कागद न वाचता कसा फसला? आम्हाला ही प्रतिक्रिया मान्य नाही. विकणारा शब्द शारजा-दुबईत देतो, सही सुमारे दोन हजार किलोमीटरवर सत्तरीतल्या माणसाकडून घेतली जाते, आणि ज्याला शब्द दिला तो आणि ज्याने सही केली तो, हे दोघे कागदासमोर कधी एकत्र नसतात. ही एकाची चूक नाही, धंद्याची रीतच अशी बसली आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी घरे याच रीतीने घेतली आहेत.

आता कायद्याचे. "तोंडी गोष्टीला कायद्यात किंमत नाही" हे आपण ऐकत आलो आहोत आणि कर्ज देणाऱ्यांनाही आपण तसेच समजावे असे वाटते. हे अर्धेच खरे आहे. १८७२ च्या करार कायद्याने तोंडी करार बाद ठरवलेला नाही. अडचण येते ती लेखी करार झाल्यावर. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ९२, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ९५, सांगते की लेखी कराराच्या अटींच्या विरुद्ध जाणारा तोंडी पुरावा घेतला जाणार नाही. पण त्याला अपवाद आहेत. फसवणूक दाखवता आली तर तोंडी पुरावा चालतो. ज्या मुद्द्यावर कागद गप्प आहे आणि तोंडी बोलणे कागदाशी विसंगत नाही, तिथेही चालू शकतो.

आमच्या मित्राच्या प्रकरणात यातून चमत्कारिक निष्कर्ष निघतो. त्यांना मोठे वाटणारे वचन, म्हणजे ७२ लाखांचे, कायद्याने दुबळे आहे, कारण मंजुरीपत्रात ५८ हा आकडा स्वच्छ लिहिला आहे आणि खाली सही आहे. उलट वडिलांना शाखेत जाता जाता दिलेले टॉप-अपचे वचन, ज्याविषयी कागद काहीच बोलत नाही, त्याला थोडी तरी जागा आहे. मोठ्या वचनासाठी फसवणूकच सिद्ध करावी लागेल. करार कायद्याचे कलम १७ पाळण्याचा हेतूच नसताना दिलेल्या वचनाला फसवणूक म्हणते. पण हेतू सिद्ध करणे किती अवघड, ते आपल्यातले वकील सांगतील. प्रतिनिधी कमिशनवरचा दलाल होता, ही संस्थेची ढाल मात्र चालू नये. धंद्याच्या ओघात एजंटाने केलेली दिशाभूल मालकाचीच धरावी असे कलम २३८ म्हणते, आणि काम बाहेर दिले म्हणून बँकेची जबाबदारी संपत नाही हे रिझर्व्ह बँकेनेही २००६ मध्ये बजावले आहे.

वचनावर विसंबून माणसाने पैसे घातले तर वचन देणाऱ्याला मागे फिरता येऊ नये, हे प्रॉमिसरी एस्टॉपेलचे तत्त्व भारतात गाजले ते १९७८ च्या मोतीलाल पदमपत खटल्याने. पण तिथे समोर सरकार होते. खासगी कर्जदात्यासमोर ते क्वचितच तितके जोराने चालते. अमेरिकेतल्या सभासदांना कॅलिफोर्नियाचा २०१० चा वर्ल्ड सेव्हिंग्जविरुद्धचा निकाल आठवत असेल. घराचा लिलाव पुढे ढकलू, असा शब्द संस्थेच्या माणसाने दिला. त्या भरवशावर कर्जदारांनी दुसऱ्या मालमत्तेवर महागडे कर्ज काढले, आणि तरीही घर विकले गेले. अपील न्यायालयाने त्यांना दावा चालवू दिला. तिथे वजन पडले ते विसंबून केलेल्या खर्चाला. आमच्या मित्रानेही "७२ लाख द्या" असे मागण्यापेक्षा "या शब्दावर माझे एवढे पैसे गेले, ते भरून द्या" असे मागावे, हे आमचे मत आहे.

दाद कुठे मागायची? आधी संस्थेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा पटणारे नाही, तर बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, ऑनलाइन आणि फुकट. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँक. इथे अर्जाची भाषा महत्त्वाची. "कमी कर्ज का दिले" असे विचाराल तर तो संस्थेचा व्यावसायिक निर्णय म्हणून अर्ज परत येईल. "चुकीची माहिती देऊन विकले, अटी सहीआधी समजावल्या नाहीत" असे लिहाल तर ती सेवेतली उणीव ठरते. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मुदत दोन वर्षांची, आणि आता अर्ज ई-जागृतीवर इथून भरता येतो.

एक सावधगिरी. भारतात स्वतःचा फोन स्वतः रेकॉर्ड करून पुरावा म्हणून देणारे पुष्कळ आहेत. इथे तसे करू नका. समोरच्याच्या संमतीशिवाय संभाषण रेकॉर्ड करणे अमिरातीत २०२१ च्या सायबर कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि तुम्ही तक्रारदाराचे आरोपी व्हाल. त्यापेक्षा बोलणे झाल्यावर त्याच रात्री ईमेल टाका: आज आपण असे असे म्हणालात, चुकीचे असेल तर कळवा. उत्तर आले नाही तरी तो कागद तुमच्या बाजूचा. (कर्ज इथल्याच बँकेचे असेल तर बँकेकडे तक्रार करून झाल्यावर सनदक हे २०२३ पासूनचे लोकपाल कार्यालय आहे. शारजात २०२२ नंतर परदेशी लोकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घरे घेता येऊ लागली, तेव्हा हा प्रश्नही आता आपलाच.)

हे लिहिताना आपल्याच मुलखातली एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि लोण पुणे-नगरभर पसरले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, जाळायला. कारण रोख्यात लिहिलेले एक आणि तोंडी ठरलेले दुसरे. जमीन "नुसती गहाण" म्हणून घेतली जाई आणि कागद मात्र विक्रीचा होई. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायला लावले. पुढे त्याच कायद्यात कलम १० अ आले, ते तर पुरावा कायद्याचे कलम ९२ बाजूला ठेवून खरा व्यवहार काय होता ते पाहू देणारे. शिवाय शेतकऱ्याचा रोखा ग्राम-निबंधकासमोरच लिहिला जावा, असे बंधनही होते. कायदा पुढे गेला आणि त्यात खोटही पुष्कळ होती. पण कर्ज देणारा आणि घेणारा कागदासमोर सारखे नसतात, हे त्या कायद्याने मान्य केले होते. आज तेच आपण "सुशिक्षित ग्राहक" या शब्दामागे दडवतो.

आजचा ग्राम-निबंधक म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचे झाले. त्यात रक्कम, एकूण वार्षिक दर आणि सगळे आकार लिहायचे. त्यात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. म्हणजे मराठीत मागता येते, आणि मागावे. पण ते समजावायचे कुणाला, मुखत्याराला की परदेशातल्या मूळ कर्जदाराला? शब्द ज्याला दिला त्याच्याच ईमेलवर ते आधी यावे आणि त्याची पोच मिळेपर्यंत मुखत्याराची सही घेऊ नये, अशी मागणी आपला मंच रिझर्व्ह बँकेकडे करणार आहे. मसुदा पुढच्या अंकासोबत पाठवू.

तोपर्यंत मुखत्यारपत्रातच एक ओळ वाढवता येते: कर्ज इतक्यापेक्षा कमी किंवा दर इतक्यापेक्षा जास्त असल्यास मुखत्याराने ते स्वीकारू नये. संस्था स्वतःचा छापील नमुना पुढे करतात. ओळ घालायला नकार दिला तर तो नकार लेखी मागा. दुबईच्या वकिलातीत साक्षांकित केलेले हे पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते, हेही लक्षात असू द्या. आणि मंजुरीपत्र हातात येईपर्यंत बिल्डरशी करार नोंदवू नका. नोंदणीआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, आणि महारेराच्या २०२२ च्या वाटपपत्राच्या नमुन्याप्रमाणे त्या टप्प्यावर माघार घेतली तर जास्तीत जास्त किमतीच्या २ टक्के जातात. नोंदणीनंतर हे संरक्षण उरत नाही.

आमच्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतींसह तक्रार पाठवली आहे. वडिलांनी शाखेत कोण काय बोलले ते तारखेसह स्वतःच्या हाताने लिहून दिले. चार पाने झाली. संस्थेच्या उत्तराचे तीस दिवस अजून पुरे व्हायचे आहेत, आणि बिल्डरचा पुढचा हप्ता त्याआधीच येतो.