इशारा लांबला, तो कोणामुळे?

तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा १ एप्रिल २०१५ पासून छापायचा होता. अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने तो पुढे ढकलण्याची शिफारस केली. समितीत विडी उद्योजक खासदार श्यामाचरण गुप्ताही होते. इशारा वर्षभर लांबला.

उमेदवाराचे शपथपत्र, समितीची सदस्ययादी आणि अहवाल शेजारी ठेवले की हितसंबंध दिसतात. त्यातून लाचखोरी सिद्ध होत नाही. प्रश्न मात्र विचारता येतो. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचे कारण पुढे केले जाते. त्यांना पर्यायी रोजगार हवाच. पण तंबाखूची धूळ त्यांच्याच छातीत जाते. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. लोकसभेतही हवी, आणि ती सर्वांना पाहता यावी.