चिंध्या नकोत, बियाणे पाठवा

दूर कुठे पूर आला, भूकंप झाला की गावागावांत पहिली हाक निघते ती जुन्या कपड्यांची. पोरे ऑटोला भोंगा लावून फिरतात, घरोघरच्या पेट्या उघडतात, आणि जे आपल्यालाच अंगावर घालवत नाही ते गाठोड्यात जाते. देणाऱ्याच्या मनाबद्दल आम्हाला शंका नाही. पण २००१ साली कच्छच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या अखेरीस तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेल्यावर असल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून कुजले. घर वाहून गेले म्हणून माणसाचा मान वाहून जात नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट जुन्या मंडळींना आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे थकून झोपलेली, आणि किल्लारीच्या भूकंपात सरकारी आकड्यानेच आठ हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सारा महाराष्ट्र लातूर-उस्मानाबादकडे धावला. पण त्या धावण्यात बघ्यांची गर्दीही इतकी होती की मदतीच्या गाड्यांनाच वाट मिळेना. त्याच वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने तिथली बाराशे मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. गर्दी ओसरल्यावर जी वर्षे उरतात, त्यांचा तो विचार होता.

आता शेतकऱ्याच्या आपत्तीचे पाहू. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले. सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ, परंडा या तालुक्यांत काठची शेते खरवडून नेली. उभे सोयाबीन गेलेच, पण कित्येक ठिकाणी मातीच गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली तर ती बापजाद्यांची कमाई जाते. इंचभर काळी माती घडायला शतके लागतात.

अशा वेळी धनजसारख्या लांबच्या गावाने काय करावे? आमचे म्हणणे असे की पहिल्या आठवड्यात आपण धावून फारसे काही साधत नाही. दोर, भाकरी, निवारा हे काम शेजारची गावे आणि सरकारी पथके करतात. आपण पोचेपर्यंत भाकरीचे ढीग झालेले असतात. लांबच्या गावाची पाळी तिसऱ्या आठवड्यापासून येते. वर्तमानपत्रातले फोटो बंद होतात आणि शेताला वाफसा येतो, तेव्हा त्या शेतकऱ्याकडे रब्बीला बियाणे नसते, दावणीला वैरण नसते आणि बैल बाजारात मातीमोल जायला निघालेला असतो.

बियाणे ही आपली खरी देणगी. हरभरा आणि गहू यांचे सरळ वाण घरचे बी धरून पेरता येतात. संकरित कापसासारखे त्यांचे नाही. हे बी दुसऱ्या शेतकऱ्याला देण्याचा हक्क २००१ च्या शेतकरी हक्क कायद्यानेही मान्य केलेला आहे, फक्त ते कंपनीसारखे नाव-छाप लावून विकायचे नाही. हरभऱ्याला एकरी सुमारे तीस किलो बी लागते. गावातल्या शंभर घरांनी तीन-तीन किलो दिले तर तीन क्विंटल होते, म्हणजे दहा एकर. पण शंभर घरांतून गोळा केलेला हरभरा म्हणजे खिचडी. काबुली, देशी, लवकर येणारा, उशिरा येणारा, त्यात दोन घरचा भुंगा लागलेला. असले बी पाठवून आपण त्या माणसाची दुसरी पेरणीही वाया घालवू. त्यापेक्षा दहा घरांनी एकाच वाणाचे, समजा जॅकी ९२१८ चे, तीस-तीस किलो द्यावे आणि बाकीच्या नव्वद घरांनी त्या दहांची भरपाई पैशाने करावी. पाठवण्याआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांत पंच्याऐंशी उगवले तरच ते बियाणे. नाहीतर त्याची डाळ करा. पुराच्या ओलीत मर रोगाचा धोका जास्त, म्हणून बियाण्याबरोबर ट्रायकोडर्मा आणि रायझोबियमची पाकिटे द्यायला विसरू नका.

वैरणीचेही तसेच. मोठ्या जनावराला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागते. कडबा, तुरीचे-सोयाबीनचे कुटार आपल्याकडे असते. पण पावसात भिजलेले, बुरशी आलेले कुटार ट्रकमध्ये तापते आणि तिकडे जनावर पोटाने आजारी पडते. शिवाय ते गाजर गवताच्या बियांपासून साफ असावे. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्याकडे दिसू लागले आणि अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आले, अशी समजूत आहे. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले. मदतीने काय काय पेरले जाते, याचा हा नमुना आपल्या प्रत्येक धुऱ्यावर उभा आहे.

ज्याच्याकडे धान्य नाही त्याच्याकडे हात आहेत. मोटारीत गाळ गेलेला असतो, स्टार्टर जळालेले असतात, विहिरी बुजलेल्या असतात. गावातले दोन मोटार रिवाइंडिंग करणारे कारागीर आठवडाभर तिकडे बसले तर पन्नास कपड्यांच्या गाठोड्यांपेक्षा जास्त काम होईल. शिकलेल्या पोरांनी अर्ज भरून द्यावेत, पंचनाम्यात गट नंबर बरोबर पडला का ते पाहावे.

यात एक धोका आहे. आपण धावलो की सरकार हात झटकते. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत, असा शब्द होता. हा शब्द म्हणजे देणे आहे, उपकार नव्हे. आपल्या तीस किलो हरभऱ्याने त्यातला एक रुपयाही माफ होत नाही. त्याच सुमारास उसाच्या गाळपावर टनामागे १५ रुपये पूरग्रस्तांसाठी आणि मुख्यमंत्री निधीसाठी घेण्याचे ठरले. ओरड झाल्यावर ते कारखान्यांच्या नफ्यातून आहेत, शेतकऱ्याच्या बिलातून नाहीत, असा खुलासा आला. बिलातून कापलेल्या पैशाला मदत म्हणायला आम्ही तयार नाही. ती वसुली आहे.

‘आपलेच फाटके, आपण कुणाला देणार?’ हा सवाल बैठकीत निघतोच, आणि तो खोटा नाही. कर्ज आपल्यावरही आहे, अतिवृष्टी आपल्याकडेही होते. म्हणून तर आम्ही पैसा मागत नाही. घरात आहे तेच मागतो आणि त्याची वहीत नोंद ठेवायला सांगतो. सीनाकाठच्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी तेवढेच बी तिसऱ्या एखाद्या बुडालेल्या गावाला द्यावे, एवढीच त्याची फेड. तो भिकारी नाही, हे त्याला आपल्या तोंडून सांगावे लागू नये.

तेव्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टींची यादी आणावी: कुणाकडे कोणत्या वाणाचे किती बी आहे, कोरडे कुटार किती आहे, आणि कोण कारागीर आठ दिवस बाहेर राहू शकतो. आपत्ती आल्यावर त्या गावच्या माणसाला आधी फोन करा, काय हवे ते विचारा आणि मगच ट्रक भरा. पोत्यावर वाण, गाव आणि उगवणीचा आकडा पक्क्या शाईने लिहा. वाटेत पाऊस लागतो.